खोटीचा हारा

जुन्या बाजारात एखादं खेळणं हातात घेतलं की मी आधी त्याची खोट शोधते. खोट तर सगळीच गिऱ्हाइकं शोधतात, ती दाखवून भाव पाडता येतो. माझं उलटं आहे. चाक निखळलेलं, कान तुटलेला, किंवा एकाच जागी अंगठा लागून लागून रंग गेलेला आणि खालचा पत्रा दिसणारा, असं काही सापडलं तर मी ती वस्तू घेते. नाही सापडलं तर जागच्या जागी ठेवते आणि पुढे जाते. पुण्याच्या रविवार-बुधवारच्या बाजारातला एक विक्रेता आता असला माल माझ्यासाठी गोणपाटाच्या एका कोपऱ्यात वेगळा काढून ठेवतो. "ताई, आज दोन मोडकी आलीत," म्हणतो. पैसे वाजवून घेतो, पण कागदात गुंडाळताना हात हळू ठेवतो.

ही सवय मला ज्या मुलीनं लावली, ती अकरा वर्षांची असताना गेली. त्याला आता अडतीस वर्षं होऊन गेली.

माझे वडील एसटीत होते. 1983 साली त्यांची बदली सावंतवाडीला झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आम्ही घाटावरची माणसं. तो पाऊस, ती लाल माती आणि ते हेल काढून बोलणं, सगळंच नवीन होतं. आम्हाला भाड्याची जागा मिळाली ती चितार आळीच्या मागच्या अंगाला. आळीत शिरलं की आधी वास यायचा: कापलेल्या लाकडाचा, टर्पेंटाइनचा, व्हार्निशचा. मग दुकानांच्या दारात टांगलेली, टोपल्यांत रचलेली फळं दिसायची. आंबे, केळी, सीताफळं, फणस, वांगी, मिरच्या, सगळी लाकडाची. पहिल्याच दिवशी एका टोपलीतल्या पेरूला मी नाक लावून वास घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "चावून बघ गो."

ती बाय. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं आणि ते पुकारलं गेलं की 'हजर' म्हणायला तिला क्षणभर उशीर व्हायचा, कारण त्या नावानं तिला कुणीच हाक मारत नसे. घरात, आळीत, विहिरीवर ती बायच. कोकणात घराघरात एक बाय असते. माझ्यासाठी मात्र त्या शब्दाचा अर्थ एकच राहिला.

तिचा चेहरा मला आता आठवत नाही. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. तिचा फोटो माझ्याकडे नाही. वर्गाचा फोटो काढला त्या दिवशी ती आलीच नव्हती. आठवतात ते हात. नखांच्या कडांना कायम रंग लागलेला असे, आणि तो कुठला आहे यावरून घरी काय काम चाललंय ते मला शाळेत कळायचं. पिवळा असला तर केळी किंवा आंबे. हिरवा असला तर मिरच्या. लाल आणि पिवळा दोन्ही असले तर काजूचे बोंडू.

तिचे वडील लाकूड कातायचे. त्यांना सगळी आळी तात्या म्हणायची, म्हणून मीही. ओसरीच्या एका टोकाला त्यांचं यंत्र होतं. मोटार सुरू झाली की लाकडाचा ठोकळा गरगर फिरायला लागायचा. तात्या त्याला पटाशी टेकवायचे आणि साल निघायला लागायची, पातळ, लांब, रिबिनीसारखी. पटाशी कुठे दाबायची आणि कुठे नुसती लावायची, याचं सगळं ज्ञान त्यांच्या मनगटात होतं. ठोकळ्यातून आधी अंडं दिसायचं, मग पेरू, मग एकदम वाटायचं की हा आंबा आहे. नंतर पॉलिश पेपर, फटींत लांबी, ती वाळली की पुन्हा पेपर, मग रंग. तात्यांना पांगाऱ्याचं लाकूड आवडायचं, कारण ते हलकं आणि मऊ, पटाशीला हट्ट न करणारं. फाल्गुनात पांगारा लालभडक फुलला की लोक फुलं बघायचे आणि तात्या बुंधा बघायचे. पांगारा मिळणं तेव्हाच अवघड होत चाललं होतं. आंब्याचं लाकूड यंत्राला लावताना त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

रंगवण्याचं काम घरातल्या बायकांचं. काजूच्या बोंडूवर आधी पिवळा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच वरून लाल रंग बोटानं खाली उतरवायचा, म्हणजे दोन्ही रंगांमध्ये रेघ दिसत नाही. हे ब्रशानं जमत नाही, बोटच लागतं. बायची आई ते करताना तोंडानं काहीतरी पुटपुटायची आणि आम्ही दोघी तिच्या बोटाकडे बघत बसायचो.

यंत्राच्या मागे एक वेताचा हारा असायचा. जे काही फुकट जाई ते त्यात पडायचं. पटाशी घसरून खड्डा पडलेलं वांगं. वाळताना तडकलेला फणस. रंगाला फोड आलेला आंबा. देठ बसवताना चिरलेली मिरची. दोन-तीन दिवसांनी हारा भरला की तो चुलीशी जायचा, आणि रंगवलेलं लाकूड जळताना घरभर वास पसरायचा.

कारागिराच्या पोरांना खेळणी मिळत नाहीत, हे मला त्या घरात कळलं. दुकानातली फळं मोजलेली असत, डझनाच्या हिशेबानं. ती रुखवतात जायची, पाहुण्यांच्या बैठकीत जायची, मुंबईला जायची, गोव्याला आलेल्या प्रवाशांच्या पिशव्यांतून कुठे कुठे जायची. बायला त्यातल्या एकालाही हात लावायची मुभा नव्हती, आणि तिनं ती मागितल्याचंही मला आठवत नाही. तिचं राज्य हाऱ्यावर होतं. हारा चुलीशी जायच्या आधी ती त्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि एकेक फळ बाहेर काढून त्याची खोट मला सांगायची. ती सांगण्याची तिची एक पद्धत होती. "ह्या वांग्याक पोटात दुखता." "ह्यो आंबो उन्हात झोपलो." तिच्या हाऱ्यातली कुठलीच वस्तू नुसती मोडकी नव्हती, प्रत्येकीला काहीतरी झालेलं होतं. मग त्यातली चार-पाच वाचवून आम्ही परसात न्यायचो.

भाद्रपद जवळ आला की आमचा एकच खेळ. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडाची चौकट असते आणि तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीची शिपटं, रानातली कवंडळं, त्या दिवसांत जे जे फळतं ते सगळं टांगतात. आम्ही माडाच्या हिरांची चौकट करायचो, तिच्यावर हाऱ्यातली फळं दोऱ्यानं बांधायचो आणि खाली लाल मातीचा हातभर रुंदीचा गणपती. तडकलेला फणस मधोमध. बाय म्हणायची, त्याला तडा गेलाय म्हणजे तो पिकलाय. दुसरी काही कारणं असू शकतात हे तिला मान्यच नव्हतं. पाऊस आला की आम्ही आधी गणपती उचलायचो आणि मग फळं, आणि तेवढ्यात गणपतीचा कान गेलेला असायचा.

तिच्याकडे आणखी एक ठेवा होता, नऊ गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. तिचा चुलत आजा गंजिफा रंगवत असे आणि त्याच्या हातून बिघडलेली पानं तिच्याकडे येत. सावंतवाडीच्या गंजिफा गोल असतात, तळहातात मावणाऱ्या. दशावतारी जोडात 120 पानं: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. ही कला संपल्यात जमा झाली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बायचा आजा पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेतो आणि श्वास धरून रेघ काढतो.

नऊ पानांवर 120 पानांचा खेळ होत नाही. तरी आम्ही खेळायचो. गंजिफाचा एक नियम आहे, दिवसा रामाचा मान पहिला आणि रात्री कृष्णाचा. आमच्याकडे रामाची तीन पानं होती आणि कृष्णाचं एक, त्याच्या गाईचा चेहरा पुसटलेला. साहजिकच दिवेलागणीला भांडण व्हायचं की आता दिवस धरायचा की रात्र. शेवटी बायनं निवाडा दिला: "आळीत पयलो दिवो लागलो काय रात." मग हातात पानं धरून आम्ही दोघी दारांकडे बघत बसायचो. कुणाच्या घरी आधी दिवा लागतो याकडे मी पुढे आयुष्यात कधी इतक्या उत्कंठेनं पाहिलं नाही.

नवीन, दुकानातलं खेळणं आमच्या दोघींत एकच होतं, माझी बोट. सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेत, लोटांगणांच्या त्या गर्दीतून बाहेर आल्यावर, वडिलांनी मला खाजं आणि पत्र्याची बोट घेऊन दिली. पोटात छोटी मेणबत्ती लावायची की फटफट आवाज करत पाण्यावर चालणारी ती बोट. त्या पिढीतल्या बहुतेकांनी पाहिली असेल. बायला ती चालते याचं कौतुक नव्हतंच. ती का चालते हे तिला हवं होतं. आम्ही ती घंगाळात सोडली आणि तिनं बोटीमागच्या दोन बारीक नळ्यांसमोर बोट धरलं. पाणी नळ्यांतून धक्क्यानं बाहेर येतं आणि पुन्हा आत जातं, हे तिनं बोटानं ओळखलं. मला त्याचं पुस्तकी कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. आतल्या चपट्या भांड्यात पाण्याची वाफ होते, ती पाणी मागे सरळ ढकलते. मग वाफ थंड होते आणि पाणी पुन्हा आत ओढलं जातं, पण आत येताना ते सगळ्या बाजूंनी येतं, म्हणून बोट मागे न जाता पुढेच जात राहते. 1891 साली तोमा पियो नावाच्या फ्रेंच माणसानं इंग्लंडमध्ये अशा बोटीचं पेटंट घेतलं होतं. बायनं तिच्या भाषेत सांगितलं होतं ते असं: "ती श्वास घेता गो. माणसासारकी."

1986 च्या पावसाळ्यात आम्ही पाचवीत होतो. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती मला परसात घेऊन गेली आणि परकराच्या ओच्यातून एक काजू काढून माझ्या हातावर ठेवला. लाल-पिवळा बोंडू आणि खाली राखाडी बी.

"घे गो. फुकट गेलो ह्यो."

मी खोट शोधायला लागले. नेहमी ती स्वतःच सांगायची, त्या दिवशी सांगितली नाही. "काय झालंय ह्याला?" मी विचारलं. "तूच बघ," म्हणाली. आणि मग, "चुलीत जातलो, त्यापरास तुझ्याकडे ऱ्हवांदे."

सोमवारी ती शाळेत आली नाही. ताप आहे म्हणाले. त्या पावसात आळीत चार घरांत ताप होताच. गुरुवारी तिला गोव्याला नेलं. मला घरात कुणी काही सांगत नव्हतं. मोठी माणसं बोलता बोलता थांबायची एवढंच दिसत होतं. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी जागी झाले तेव्हा पाऊस पडत होता आणि दुसरा कसलाच आवाज नव्हता. थोड्या वेळानं लक्षात आलं की तात्यांची मोटार सुरू झालेली नाही. आई स्वयंपाकघरात नुसती उभी होती.

मी त्यांच्या घरी गेले नाही. आई म्हणाली, नको जाऊस, तुला बघून त्यांना जास्त त्रास होईल. तिला तसं मनापासून वाटलं असणार. तिला मी कधीच बोल लावला नाही. पण त्या घरासमोरून जाताना मी मान खाली घालू लागले, आणि एकदा बायच्या आईनं मला हाक मारली असताना ऐकू न आल्यासारखं केलं. त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. दिवाळीनंतर वडिलांची बदली झाली आणि ट्रकमध्ये सामान चढलं. बोट कुठे गेली मला माहीत नाही. काजू माझ्या कंपासपेटीत होता.

खेळणी जमवायला मी लागले ती 2009 मध्ये, तीही ठरवून नाही. जुन्या बाजारात कुलूप शोधायला गेले होते. एका फडक्यावर पत्र्याचा बेडूक दिसला, पोट दाबलं की टिकटिक करणारा. त्याचा एक डोळा गेला होता. उलटा करून पाहिलं तर आतल्या बाजूला कुठल्याशा तेलाच्या डब्याची छपाई होती, अर्धवट अक्षरं, अर्धं सूर्यफूल. कुणीतरी टाकाऊ पत्रा कापून, उलटा करून, त्याचा बेडूक केला होता. मी तिथे उकिडवी बसले आणि मनात आपोआप वाक्य आलं: ह्याका एकाच डोळ्यान दिसता. ते वाक्य माझं नव्हतं. तेवीस वर्षांत मी मालवणीत विचार केला नव्हता.

आता कपाटात पावणेदोनशेच्या आसपास खेळणी आहेत. सगळ्यांबद्दल सांगत बसणार नाही. पण दोन-तीन सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक कचकड्याची बाहुली आहे, माझ्या जन्माच्याही आधीची. कचकडा म्हणजे सेल्युलॉइड. त्यात कापूर घातलेला असतो, म्हणून ही बाहुली नाकाशी नेली की देवघराचा वास येतो. सेल्युलॉइड म्हातारं होत जातं तसं ते स्वतःच कुजू लागतं आणि त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या वस्तूंनाही खाते. म्हणून तिला मी वेगळ्या खणात, हवा खेळती ठेवून, सावलीत ठेवते. तिच्या मानेवर बारीक भेगा पडल्यात. उपाय काही नाही, सांभाळून ठेवणं एवढंच हातात आहे.

एक व्ह्यूमास्टर आहे. त्याच्या गोल चकतीत 14 छोट्या फिल्म असतात, एका दृश्याच्या दोन अशी सात दृश्यं. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळं चित्र दिसतं, म्हणून समोरचा देखावा खोल भासतो. माझ्याकडच्या एका चकतीत चौथ्या दृश्याची डावी फिल्म गळून पडली आहे. खटका दाबत तिथवर आलं की उजव्या डोळ्यात ताजमहाल आणि डाव्यात नुसता पांढरा उजेड. देखावा असतो, पण सपाट. ही चकती मी सगळ्यात जास्त वेळा लावते.

संग्राहक मंडळींत उठबस झाली तेव्हा कळलं की बाजारात खरा मान खोक्यासकट आलेल्या, कधीच न खेळलेल्या वस्तूला आहे. खोक्याचे कोपरे शाबूत असले की किंमत कितीतरी पट. त्यांचा छंद त्यांच्या ठिकाणी, पण मला ते पटत नाही. पेटीतून बाहेरच न आलेली मोटार माझ्या लेखी अजून खेळणं झालेली नाही. ती माल आहे. खेळणं व्हायला एक मूल लागतं. ते मूल कुठल्या बाजूनं धरायचं, कुठे चावायचं, कशावर आपटायचं, हे त्या झिजेत लिहिलेलं असतं. दुसरीकडे कुठे त्याची नोंद नसते.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी कितीदा गेले असेन. अडकित्ते, दिवे, कुलपं, अंग घासायच्या वज्र्या, माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या हजारो वस्तू तिथे आहेत. दिनकर केळकरांनी त्या उभं आयुष्य घालवून गोळा केल्या आणि सगळ्या संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. पाटीवरचं ते नाव मी पहिल्यांदा एका राजाचं समजले होते. तो मुलगा आहे हे कळल्यावर मी आत न जाता थोडा वेळ बाहेरच्या पायरीवर बसले.

आणि या सगळ्यात काजू होता. कपाटात नाही, माझ्या लिहायच्या टेबलाच्या खणात, कापसात. त्याची खोट मी वर्षानुवर्षं शोधली. भिंग लावून शोधली. रंगाला फोड नाही, लाकडाला तडा नाही. शेवटी एवढंच सापडलं की बी किंचित डावीकडे कलली आहे. तीच खोट असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सावंतवाडीला जायचं मी टाळत राहिले. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्यानंतर तर लांबचा प्रवास ही सबबही उरली नव्हती. गेल्या गणपतीनंतर एक दिवस तिकीट काढलं. मळगावच्या स्टेशनावर उतरले, रिक्षा केली. मोती तलाव होता तसाच भरलेला होता, मागे नरेंद्राचा डोंगर. आळीतली दुकानं वाढली होती, काचेची झाली होती. तात्यांची ओसरी मात्र तिथेच होती. यंत्रावर एक तरुण मुलगा होता, त्यांचा पुतण्या. तात्या बाजूला खुर्चीवर बसून मिरच्यांना देठ लावत होते. ऐंशी उलटलेले, पाठीत वाकलेले. हात मात्र थरथरत नव्हते.

मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, एसटी सांगितली. त्यांना आठवेना. आतून काकी आली, बायची आई. माझ्याकडे बघत उंबऱ्यातच उभी राहिली.

"बायची मैत्रीण ती," ती म्हणाली. "घाटावरची."

मग माझा हात धरून तिनं मला खाली बसवलं आणि काही न बोलता हात तसाच धरून ठेवला. तिच्या नखांच्या कडांना रंग होता. हिरवा. मी म्हणाले, "काकी, तेव्हा तुम्ही मला हाक मारली होती." ती म्हणाली, "ल्हान होतंस गो." आणि च्या टाकतंय म्हणत आत गेली.

मी पर्समधून काजू काढला आणि तात्यांच्या पुढे धरला. अडतीस वर्षं मला तो परत करायचा होता की दाखवायचा होता, तेव्हाही कळलं नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला, काजू घेतला, बोंडू आणि बी यांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. उलटा केला. उजेडात धरला.

"पांगारो," म्हणाले.

"बायनं दिला होता," मी म्हणाले. "फुकट गेलेला आहे म्हणाली. चुलीत जाईल म्हणाली."

"खंय फुकट गेलो?"

"बी वाकडी बसलीय ना."

"बी आमी अशीच लावतंव. झाडार काय सरळ आसता?" त्यांनी पुन्हा एकदा काजू फिरवला, चारी बाजूंनी, सावकाश, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी बघतात तसा. "ह्यात खोट नाय गो. ह्यो इकूचो माल."

पुतण्यानं यंत्र बंद केलं. मोटार थांबल्यावर आतल्या स्टोव्हचा आवाज ऐकू यायला लागला. तात्यांच्या मांडीवर मिरच्यांची रास होती आणि तिच्यावर त्यांचा हात, हातात काजू. यंत्रामागे हारा होता, वेताचा नव्हे, आता निळ्या प्लॅस्टिकचा. त्यात दोन-तीन आंबे पडलेले दिसत होते. मी तिकडेच बघत राहिले, कारण तात्यांकडे बघवत नव्हतं.

"बायन दिल्यान?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"किती वर्सां झाली?"

"अडतीस."

त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला, काजू पुसला, आणि पिवळ्यातून लाल जिथे उतरतो तिथे बोट ठेवलं.

"रंग टिकलो," म्हणाले.